डाव्या बाजूची शंका

पहिली पाळी साडेतीनला सुटली. तपासणी विभागातल्या सत्तावीस बायका फाटकाबाहेर पडल्या, रिक्षाथांब्याच्या दिशेने दहा-बारा पावलं चालल्या, थांबल्या, आणि सगळ्याजणींनी माना खाली घालून आपापल्या डाव्या चपलेकडे बघितलं. उजवीकडे एकीनेही बघितलं नाही. मग चार पावलं, आणि पुन्हा डावी चप्पल. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कंपनीने बायकांना कवायत लावलीय.

पॅकिंग विभागाच्या दारात उभ्या असलेल्या मयूरी बोरस्तेला तसं वाटलं नाही. तिच्या हातातली लेबलांची गुंडाळी सुटून पायऱ्यांवरून उलगडत खाली गेली, तरी ती वाकली नाही. ते बघणं तिच्या ओळखीचं होतं. अकरा वर्षं ते तिचं एकटीचं होतं.

डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. पुस्तकांत मंत्रचळ लिहितात. तिची मोठी जाऊ दीपाली त्याला ‘हिची नाटकं’ म्हणायची. बाकीच्या रुग्णांना सगळ्या बाजूंनी शंका येतात. मयूरीला फक्त डावीकडून यायच्या. दाराची डावी कडी, शेगडीचं डावं बटण, डाव्या चपलेचा पट्टा. उजव्या बाजूचं जग तिच्या मते व्यवस्थित चाललं होतं. एवढ्या विचित्र आजाराची दुसरी प्रत जगात असणं शक्य नव्हतं. आणि आता सत्तावीस प्रती रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या, त्यातली एक तिची जाऊ होती.

तिला आधी राग आला आणि मग समजलं. क्रम असाच होता.

तीन वर्षांपूर्वी डॉ. इरफाना तांबोळींनी मयूरीला तिचं स्वतःचं डोकं समजावून दिलं होतं. “कपाळाच्या मागे, डोळ्यांच्या जरा वर मेंदूचा एक भाग असतो,” त्या म्हणाल्या होत्या. “काही चुकलंय का, हे बघणं त्याचं काम. तो आत खोलवर बसलेल्या दुसऱ्या भागाला कळवतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा परत पहिल्याला. कुलूप लागलं की या फेरीत कुठेतरी ‘झालं, पुढे चला’ असा शेरा पडतो आणि फाईल बंद होते. तुमच्या डोक्यात या कचेऱ्यांचं आपसांत जरा जास्तच सूत जमलंय. एक पाठवते, दुसरी ‘फेरतपासणी करून सादर करावे’ म्हणून परत करते. आणि मध्ये पडून ‘पुरे आता’ म्हणणारा जो साहेब आहे, त्याचा फोन लागत नाही.”

“म्हणजे मी वेडी नाही?”

“नाही. तुमची कचेरी फार कामसू आहे.”

स्कॅनरमध्ये निश्चल पडून राहिलं की मेंदूचे कोणते भाग एका तालात चढतात-उतरतात ते दिसतं. ज्यांचा ताल जुळतो ते एकमेकांशी जोडलेले. अशा चारशे ठिकाणांमधल्या जोडण्यांचा डॉक्टरांनी नकाशा काढला. मयूरीच्या नकाशात उजव्या अर्ध्या मेंदूत एक गाठ होती, एखाद्या खांबावर सगळ्या गल्लीच्या वायरी येऊन पडाव्यात तशी. उजवा मेंदू डावं जग सांभाळतो, म्हणून शंका डाव्या. मग ‘सांधक’ नावाचा एक पट्टा आला. तो कानशिलावर बांधायचा. त्यातून निघणाऱ्या ध्वनिलहरी, ज्या कानाला ऐकू येत नाहीत, त्या जाड झालेल्या जोडण्या सैल करतात आणि ‘पुरे आता’वाल्या साहेबाची लाईन मजबूत करतात. दोन महिने रोज, नंतर आयुष्यभर दर रविवारी दहा मिनिटं.

बरी झाली त्या दिवशी मयूरी घराला कुलूप लावून सरळ कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि तिथे उभी राहून रडली, कारण मागे वळावंसं वाटत नव्हतं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने विचारलं, “कोणी गेलं का ताई?” ती म्हणाली, “हो. गेली एकदाची.”

निर्मळ इंजेक्टेबल्समध्ये इंजेक्शनच्या बाटल्या भरतात. भरलेली प्रत्येक बाटली माणूस डोळ्यांनी बघतो. समोर अर्धा काळा, अर्धा पांढरा फळा, वर दिवा. बाटली मानेला धरून हलकेच गरकन फिरवायची, पाच सेकंद काळ्यासमोर, पाच सेकंद पांढऱ्यासमोर. काचेची कणी किंवा तंतू दिसला की बाद. मयूरी पूर्वी हेच काम करायची. पण आजारात तिला एका बाटलीला अकरा मिनिटं लागायला लागली, तेव्हा मनुष्यबळ विभागाच्या रोहन सबनीसांनी तिला पॅकिंगला टाकलं. बदलीच्या कागदावर कारण लिहिलं होतं: ‘अतिदक्षता’. तो कागद तिने जपून ठेवला होता. रोज नाही, पण चिडायची इच्छा झाली की काढून बघायची.

आणि चार महिन्यांपूर्वी त्याच सबनीसांनी तपासणीच्या बायकांना ‘दक्षता पट्टी’ वाटली. सांधकच, पण उलटा. पाळी सुरू होताना शंकेची गाठ आवळायची, पाळी सुटताना दहा मिनिटांचा उतारा देऊन सोडायची; तो पुरता लागू पडायला घरी पोचेपर्यंतचा वेळ जाई. आठ तास आजारी, सोळा तास बऱ्या. आवळायला एक नमुना लागतो, एखाद्या खऱ्या रुग्णाचा नकाशा. तो प्रत्येकीच्या डोक्यावर ताणून बसवायचा, दुसरीच्या मापाचा ब्लाऊज टाचण्या लावून बसवावा तसा.

पहिल्या महिन्यात एकही सदोष बाटली बाजारात गेली नाही. दुसऱ्या महिन्यात निम्म्या बाटल्या बाद झाल्या. तिसऱ्या महिन्यात एकही बाटली पास झाली नाही, आणि विक्री विभागाने लेखी विनंती केली की शंका चाळीस टक्क्यांवर आणावी. शंकेचा आकडा ठरवायला समिती नेमली गेली. बायका फाटकात खोळंबतात म्हणून कंपनीने तिथे एक माणूस बसवला; तो प्रत्येकीची डावी चप्पल बघून ‘तपासले’ असा शिक्का मारलेली चिठ्ठी देई. आठवडाभर बरं चाललं. मग बायका शिक्क्याची शाई खरी आहे का ते तपासायला लागल्या.

दीपालीचा फोटो कँटीनमध्ये लागला: महिन्याची सर्वोत्तम निरीक्षक. अकरा मिनिटांत एक बाटली. मयूरीचाच वेग. मयूरी त्या फोटोखाली बसून डबा खायची, आणि घास गिळताना तिच्या जबड्याचा आवाज यायचा.

मग सत्तावीसपैकी आठजणींवर उतारा चालेनासा झाला. गाठ आवळली, ती सुटेचना. आठांत दीपाली होती.

एका सकाळी मयूरी स्वयंपाकघरात आली तेव्हा दीपाली शेगडीचं डावं बटण धरून उभी होती. पोळ्यांची कणीक कोरडी पडली होती.

“मयूरी, बंद आहे ना गं?”

“बंद आहे, ताई.”

“तू नीट बघितलंस?”

मयूरीने अकरा वर्षांत हा प्रश्न दीपालीला हजारदा विचारला असेल. दीपालीचं उत्तर ठरलेलं असायचं: “घर पेटलं की कळेल.” एकदा तर तिने पाहुण्यांसमोर सांगितलं होतं, “आमच्याकडे गॅसपेक्षा गॅस बंद करायला जास्त वेळ लागतो.” पाहुणे हसले होते. मयूरीही हसली होती, आणि हसता हसता उठून बटण बघून आली होती.

ते उत्तर आता जिभेच्या टोकावर तयार होतं. दीपालीच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. मयूरीने उत्तर गिळलं. त्याचाही तिला राग आला.

“नीट बघितलं,” ती म्हणाली.

“पुन्हा बघतेस?”

सबनीसांनी तिला त्याच आठवड्यात बोलावलं. टेबलावर चहा होता, बिस्किटं होती, म्हणजे काहीतरी नको असलेलं येणार होतं.

“मयूरीताई, अभिनंदन,” ते म्हणाले. “आमच्या प्रणालीचा पाया जो नमुना आहे, नमुना सात, तो तुमचा आहे.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“गोपनीयता. रुग्णाचं नाव कोणालाच कळू नये असा नियम आहे. तुम्हीही त्यात आलात.”

“माझं नाव मला कळू नये?”

“नियमात अपवाद नाही.” सबनीसांनी एक कागद सरकवला. “तुमच्यावर उपचार झाले ते केंद्र कंपनीने विकत घेतलं तेव्हा हे नकाशे आले. जुन्या संमतीची मुदत या तीस तारखेला संपते. पूर्वी नातेवाइकाने सही केली होती, ती तीनच वर्षं चालते. आता तुमची स्वतःची लागेल.”

जुन्या फॉर्मची प्रत जोडलेली होती. चौदावं कलम: ‘रुग्णाच्या मेंदूजालाचा नकाशा तत्सम व पूरक उपयोगांसाठी हस्तांतरित करता येईल.’ खाली सही: दीपाली बोरस्ते. नाते: जाऊ.

मयूरीला ती दुपार सगळी आठवली. केंद्राच्या बाकावर ती चार तास तो फॉर्म वाचत बसली होती. तेराव्या कलमापर्यंत जायची, चौदाव्यापाशी अडकायची, पुन्हा पहिल्यापासून. “हे चौदावं बरोबर वाटत नाही,” ती म्हणत होती. तिचा नवरा हर्षद म्हणाला, “तुला काहीच बरोबर वाटत नाही, म्हणून तर इथे आलोय.” काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजारामुळे तसं वाटतं. शेवटी दीपालीने वैतागून कागद हिसकावला: “आण इकडे. तुझ्या भरवशावर राहिलं तर दवाखाना बंद होईल.” आणि न वाचता सही ठोकली. आपल्याकडे दवाखान्यातल्या फॉर्मवर रुग्ण सोडून सगळे सही करतात. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

त्या चौघांत तिचं एकटीचं बरोबर होतं. तिला त्यासाठी औषध दिलं गेलं.

“आणि नाही केली सही तर?” मयूरीने विचारलं.

“तर कायद्याप्रमाणे नमुना सात तीस तारखेला पुसला जाईल.” सबनीसांनी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. “अडचण एवढीच, की त्या आठजणींची गाठ सोडवायची तर तोच नमुना उलटा करून वापरावा लागेल. तो पुसला, तर काय उलटं करणार? सही झाली की आम्ही आठजणींना लगेच मोकळं करतो. तुमच्या जाऊबाई पहिल्या.”

“आणि सही झाल्यावर पट्टी चालू राहील.”

“पुढच्या वर्षी चार कारखाने घेतोय. पुलांची पाहणी, शाळेचे पेपर तपासणं. शंकेला फार मागणी आहे, ताई.”

मयूरीने एक बिस्किट घेतलं, चहात बुडवलं, आणि ते विरघळून तळाशी जाईपर्यंत बघत बसली. मग उठली.

घरी हर्षद म्हणाला, “कर ना सही. वहिनी सुटेल तरी.”

“आणि बाकीच्या? पुढच्या चार कारखान्यांतल्या?”

“त्या आपल्या कोण लागतात?”

“माझ्याच डोक्यातून निघाल्यात सगळ्या,” मयूरी म्हणाली. “तू ठरव कोण लागतात ते.”

दीपाली दारातून ऐकत होती. एक हात चौकटीच्या डाव्या बाजूवर. “मी सही केली होती गं त्याच्यावर,” ती म्हणाली.

“माहीत आहे. बघून आले.”

“तू म्हणत होतीस चौदावं बरोबर नाही.”

“हो, ताई. चार तास म्हणत होते.”

दीपालीने मागे वळून चौकट तपासली.

डॉ. तांबोळींनी केंद्र विकलं गेल्यावर नोकरी सोडली होती. आता त्यांचा दवाखाना पंचवटीत हार्डवेअरच्या दुकानावर होता. खाली पाईप कापण्याचा आवाज चाले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. “मला नकाशे विकल्याचं कळलं तेव्हा उशीर झाला होता,” त्या म्हणाल्या. “त्याबद्दल तुम्ही मला बोलू शकता.”

“नंतर बोलेन. आधी सांगा, नमुना पुसला गेला तर दुसरीकडून मिळेल का?”

“एकाच ठिकाणी आहे.” डॉक्टरांनी तिच्या कपाळाकडे बघितलं. “सांधक गाठ तोडत नाही. दाबून ठेवतो. रविवारचा पट्टा बंद केलात तर दोन-तीन आठवड्यांत ती जशीच्या तशी उभी राहील. मग स्कॅन करून मी नवा नकाशा काढू शकते, तो उलटा करून त्या आठजणींना देऊ शकते. तो फक्त तुमचा असेल, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. पण नीट ऐका. दुसऱ्यांदा सांधक पहिल्यासारखा लागू पडेलच असं नाही. बऱ्याचजणांना पडत नाही.”

“म्हणजे मी कायमची परत तशी होऊ शकते.”

“हो.”

खाली पाईप कापणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

मयूरीने तीस तारखेच्या आदल्या दिवशी सबनीसांना कागद परत नेऊन दिला. चौदाव्या कलमावर आडवी रेघ, खाली लिहिलं होतं: ‘अमान्य. कारण: अतिदक्षता.’ दुसऱ्या दिवशी नमुना सात पुसताना ती समोर उभी राहिली. संगणकाने विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? सबनीसांनी कर्मचाऱ्यांपुढे आदर्श म्हणून महिनाभर स्वतःही हलकी पट्टी लावली होती. ते त्या प्रश्नाकडे वीस मिनिटं बघत बसले. शेवटी शिपायाने बटण दाबलं, आणि सगळ्या दक्षता पट्ट्या निकामी झाल्या.

मयूरीने पट्टा कपाटात ठेवला. तेराव्या दिवशी ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. चौदाव्या दिवशी सहादा. पंधराव्या दिवसापासून शेगडीपाशी दोघी उभ्या राहू लागल्या, बटण एक आणि हात दोन. एक म्हणायची बंद आहे, दुसरी म्हणायची बघू. हर्षद वडापाववर राहायला लागला. एकदा त्याने विनोद करायचा प्रयत्न केला. दोघींनी एकदम त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने आपला वडापाव बाहेर जाऊन खाल्ला.

मयूरीला प्रत्येक वेळी ठाऊक असायचं की बटण बंद आहे. ठाऊक असून हात जायचा. आजाराची सगळ्यात अपमानकारक गोष्ट हीच. आपण मूर्ख असतो तर निदान फसवणूक झाली म्हणता आलं असतं.

शहरातले सगळे स्कॅनर निर्मळच्या नव्या केंद्राशी करारात बांधलेले निघाले. एकच मोकळा होता, जनावरांच्या दवाखान्यातला. बैल मावेल एवढा. तंत्रज्ञ बागूल यांनी सतरंजी अंथरली आणि तिला झोपवलं.

“चाळीस मिनिटं हलायचं नाही, ताई. जरा हललात की सगळं वाया. काल एक कुत्रा हलला.”

“मग?”

“त्याला परत आणा म्हटलं. तुमचं तसं नाही. उद्यापासून घोड्यांच्या तपासण्या लागल्यात, महिनाभर जागा नाही.”

महिनाभराने काय राहिलं असतं हे सगळ्यांना माहीत होतं. आठजणींतल्या एकीने अन्न सोडलं होतं, कारण ताटाची डावी बाजू स्वच्छ वाटत नव्हती.

यंत्र ठकठक करायला लागलं. आतल्या पडद्यावर डॉक्टरांनी तिच्या घराच्या दाराचा फोटो लावला. गाठ जागी व्हायला हवी होती. ती झाली. कडी लागलीय का. शेगडी. खाली सोडलेला डावा हात कशाला तरी टेकलाय का. मग शंकेने नवी वाट काढली: ताईंना बरं करायचं म्हणून आलीयेस, पण नीट विचार केलायस का. पुन्हा एकदा कर. उठ, डॉक्टरांना एकदा विचारून ये. एकदाच.

तिचं कोपर सतरंजीवरून सुटायला लागलं.

तेव्हा तिने तो राग शोधला. पाहुण्यांचं हसू, बदलीचा कागद, कँटीनमधला फोटो, बाकावरचे चार तास, बिस्किटांची बशी. एकेक काढून बघितलं, आणि बघताना तिच्या लक्षात आलं की यातल्या कशालाही पुन्हा तपासून बघावंसं वाटत नाही. हे झालं होतं. नक्की झालं होतं. राग हा तिच्या डोक्यातला एकमेव कागद होता ज्यावर शेरा पडलेला होता. ती त्याला धरून पडून राहिली. कोपर खाली टेकलं. दार, कडी, शेगडी येऊन धडकत राहिली आणि ती हलली नाही.

“झालं,” बागूल म्हणाले. “दगडासारख्या होतात.”

“नकाशा नीट आला?”

“आला.”

“पुन्हा बघा.”

त्यांनी पुन्हा बघितलं. आला होता. तिने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही बघितलं. जनावरांच्या दवाखान्यात माणूस धीराचा असतो.

बाहेर बाकावर दीपाली बसली होती. शेजारी एक शेळी, मालकासकट. काचेपलीकडे डॉ. तांबोळी फोनवर सांगत होत्या की आठही जणींना परवापासून एकेक करून आणा, सुरुवात दीपालीपासून.

“जमलं?” दीपालीने विचारलं.

“जमलं.”

“नक्की?”

“नक्की.”

“आणि तुझं काय?” दीपाली जमिनीकडे बघत म्हणाली. “तुला परत लागू पडेल ना?”

“माहीत नाही.”

दीपाली बाकावर जरा सरकली. शेळीने तिच्या पदराचा वास घेतला. “तू माझ्यावर इतकी चिडलेली,” ती म्हणाली, “तरी हे कशाला केलंस?”

मयूरी तिच्या शेजारी बसली. उठून दाराकडे एकदा बघून यावंसं वाटत होतं; ती उठली, बघून आली, पुन्हा बसली.

“ताई, तुम्ही आधी पूर्ण बऱ्या व्हा,” ती म्हणाली. “मला तुमच्याशी अकरा वर्षांचं भांडण करायचंय. ते आजारी बाईशी केलं तर लोक तुमचीच बाजू घेतील.”